पाठीत उसण, बरगडीत चमक आणि तो ‘कट्’ आवाज

‘मॅडम, तुम्ही ते कट् करत नाही का?’

गेल्या दोन-तीन वर्षांत पाठदुखीचा जो पेशंट येतो, तो आज ना उद्या हे विचारतोच. विचारताना मोबाइल पुढे करतो. रीलमध्ये एक जण टेबलावर पालथा झोपलेला असतो. दुसरा त्याच्या पाठीवर दोन्ही तळहात ठेवून झटका देतो, सुपारी फुटावी तसा आवाज येतो आणि झोपलेला माणूस उठून हसतो. खाली हजारो लोकांनी ‘पत्ता पाठवा’ असं लिहिलेलं असतं. या उपचाराला कायरोप्रॅक्टिक म्हणतात. मी अंबाजोगाईत फिजिओथेरपी करते. माझ्याकडे येणाऱ्यांत ऊसतोडीला जाणारी माणसं, मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले हमाल, कापूस वेचणाऱ्या बाया आणि दिवसभर मशीनवर बसणारे शिलाईवाले जास्त. या सगळ्यांची पाठ दुखते आणि बहुतेकांची मधली पाठ दुखते. म्हणून हा ‘कट्’ म्हणजे काय, त्याने काय होतं, काय होत नाही आणि कुणाच्या पाठीवर तो अजिबात करू नये, हे एकदा नीट लिहून ठेवते.

एक गोष्ट आधीच सांगते. असा झटका देण्याचं शिक्षण फिजिओथेरपीतही असतं. निवडक पेशंटना मीही तो देते, त्यामुळे तो मुळातच वाईट आहे असं मी म्हणणार नाही. माझा आग्रह वेगळा आहे. आपल्या भागात पाठीला हात लावण्याआधी दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत आणि रीलमध्ये ते कुणी विचारताना दिसत नाही.

मधली पाठ म्हणजे दुरडी

पाठीच्या कण्यात मानेचे ७, मधले १२ आणि कंबरेचे ५ मणके असतात. मधल्या बारा मणक्यांचं वैशिष्ट्य असं, की प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी एकेक बरगडी जोडलेली असते. म्हणजे बरगड्यांच्या बारा जोड्या. वरच्या सात जोड्या पुढे छातीच्या मधल्या हाडाला कूर्चेने जोडलेल्या असतात. कूर्चा म्हणजे कानाच्या पाळीच्या वर हाताला लागतं तसं लवचिक हाड. त्याखालच्या तीन जोड्या वरच्या बरगडीच्या कूर्चेला चिकटतात आणि शेवटच्या दोन मोकळ्याच राहतात. बुरडाने विणलेली दुरडी डोळ्यांपुढे आणा. कामट्या एका बाजूला दाट बांधलेल्या आणि पुढे वळवून आणलेल्या. आत हृदय आणि फुप्फुसं.

पण दुरडी हलत नाही, ही हलते. आपण श्वास घेतो तेव्हा खालच्या बरगड्या बादलीच्या कडीसारख्या बाजूला वर उचलल्या जातात, सोडला की खाली येतात. मिनिटाला पंधरा श्वास धरले तरी दिवसाला वीस हजारांच्या वर हेलकावे झाले. पाय मुरगळला तर खाटेवर ठेवता येतो, हात दुखावला तर झोळीत बांधता येतो. बरगडीच्या सांध्याला मात्र झोपेतही सुट्टी नाही. म्हणूनच इथलं साधं दुखणंसुद्धा माणसाला एवढं घाबरवतं. श्वासच अडतो ना.

उसण म्हणजे नेमकं काय

‘उसण भरली बघा मॅडम, दम घेता येईना.’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की पेशंट दारातून कसा आत येतो यावरूनच ओळखू येतं. एक खांदा वर, कोपर अंगाला चिकटलेलं, वळून बघायचं तर सगळं अंग वळवतो. कुठं दुखतं म्हटलं की एक बोट नेमकं एका जागी ठेवतो, बहुतेक वेळा फऱ्याच्या, म्हणजे खांद्यामागच्या पसरट हाडाच्या, आणि कण्याच्या मधल्या खोबणीत.

बरगडी मागे जिथं मणक्याला टेकते, तिथं बोटाच्या पेरापेक्षा लहान सांधे असतात. वाकलेल्या अवस्थेत अंग पिळून वजन उचललं, जोरात शिंक आली, रात्रभर वेड्यावाकड्या अंगाने झोपलं, की या सांध्याला किंवा त्याच्या भोवतीच्या स्नायूला ताण बसतो. शरीर लगेच त्या भागाची राखण सुरू करतं. आजूबाजूचे स्नायू आवळून धरतात. पहिलं दुखणं सांध्याचं, त्यावर दुसरं दुखणं या आवळण्याचं. प्रत्येक बरगडीच्या खालून एक नस पुढे जाते, त्यामुळे मूळ मागे असलं तरी चमक पुढे छातीपर्यंत येते.

कधी दुखण्याचं मूळ पुढेच असतं. बरगडी आणि कूर्चा जुळतात तिथं सूज येते, बोटाने दाबलं की तेच दुखणं जसंच्या तसं उठतं. खूप दिवसांच्या खोकल्यानंतर हे हमखास दिसतं.

आपल्याकडं कशाने होतं हे, तेही बघा. सोळा लिटरचा फवारणी पंप भरला की नुसतं पाणीच सोळा किलो, त्यात पंपाचं वजन. तो पाठीवर घेऊन एका हाताने दांडा मारत दिवसभर चालायचं, म्हणजे एका बाजूची पाठ दुसरीपेक्षा कितीतरी जास्त राबते. ऊसतोडीत तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. कापूस वेचताना उलट, वजन कमी पण आठ-आठ तास पाठ कमानीत. तिन्हींत मधली पाठच सापडते.

जुन्या लोकांचा उपाय ठाऊकच असेल. पायाळू माणसाने, म्हणजे जन्मताना पायाकडून बाहेर आलेल्या माणसाने, पाठीला पाय लावला की उसण जाते. आमच्या गल्लीत एक पायाळू काकू होत्या, सकाळी त्यांच्या दाराशी लोक बसलेले असायचे. पेशंटला पालथं झोपवून त्या टाच ठेवायच्या आणि हलकासा झोका द्यायच्या. आता शिक्षण झाल्यावर आठवलं की वाटतं, टाचेच्या जागी तळहात ठेवला तर रीलमधल्या क्रियेत आणि या क्रियेत फार अंतर नाही. आणि बऱ्याच लोकांना त्याने खरोखर मोकळं वाटायचं.

कायरोप्रॅक्टिक आलं कुठून

ग्रीक भाषेतल्या ‘हात’ आणि ‘कृती’ या अर्थांच्या शब्दांवरून हे नाव बनलं. हाताने, मुख्यतः कण्यावर, करायचे उपचार. १८९५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डेव्हनपोर्ट या गावी डॅनियल डेव्हिड पामर या माणसाने याची सुरुवात केली. त्याआधी तो चुंबकीय उपचार करायचा. त्याच्या इमारतीत साफसफाईचं काम करणारा हार्वी लिलार्ड नावाचा गृहस्थ अनेक वर्षं नीट ऐकू शकत नव्हता. पामरने त्याच्या पाठीच्या वरच्या भागातला एक मणका दाबून ‘बसवला’ आणि त्याला ऐकू यायला लागलं, असं पामरने सांगितलं. दोन वर्षांनी त्याने शिकवण्याची शाळा काढली.

यावरून पामरने मोठा सिद्धांत मांडला. मणके थोडेसे सरकतात, नसा दबतात आणि बहुतेक रोग त्यातूनच होतात. या सरकण्याला तो ‘सबलक्सेशन’ म्हणायचा. अडचण अशी, की ऐकण्याची नस कण्यातून जातच नाही. ती कानापासून थेट मेंदूत जाते. आजचे शिकलेले कायरोप्रॅक्टरही हा जुना सिद्धांत बहुतांशी सोडून देत आले आहेत. ब्रिटनमध्ये या व्यवसायाची नोंदणी करणाऱ्या त्यांच्याच परिषदेने २०१० मध्ये स्पष्ट सांगितलं, की ही कल्पना इतिहासाचा भाग आहे, आजाराचं कारण म्हणून तिला संशोधनाचा आधार नाही. त्यामुळे कुणी मधुमेह, थायरॉइड, मूल न होणं हे सगळं मणका बसवून बरं करतो म्हणाला, तर तो सव्वाशे वर्षांपूर्वीचं बोलतोय हे ओळखा.

तो आवाज हाडाचा नाही

सांध्यात वंगणासारखा द्रव असतो आणि त्या द्रवात वायू विरघळलेला असतो. सांधा झटक्याने ताणला की आतला दाब एकदम उतरतो आणि वायूची पोकळी तयार होते. आवाज त्याचा. कॅनडातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये बोटं मोडतानाचं एमआरआय चित्रण करून ही पोकळी तयार होताना दाखवली. एकदा मोडलेलं बोट लगेच पुन्हा मोडत नाही, वीस मिनिटं तरी थांबावं लागतं, कारण वायू परत द्रवात विरघळायला तेवढा वेळ लागतो.

म्हणजे आवाज आला याचा अर्थ काहीतरी जागेवर बसलं असा होत नाही. आवाज आला नाही म्हणून उपचार फसला असंही नाही. माझ्याकडे काही पेशंट आवाज न आल्यामुळे नाराज होऊन जातात. त्यांना हे बोट मोडूनच दाखवावं लागतं.

‘मणक्यात गॅप आहे, तो बसवतात ना?’

या ‘गॅप’ शब्दाने मराठवाड्यात जेवढी भीती पसरवली आहे, तेवढी आजारानेही पसरवली नसेल. रिपोर्ट हातात घेऊन माणूस येतो, चेहरा पडलेला. ‘चौथ्या-पाचव्यात गॅप पडलाय.’ त्याच्या मनातलं चित्र असं, की भिंतीच्या विटा सुटाव्यात तसे मणके एकमेकांपासून सुटलेत आणि आता वजन उचललं की कोसळणार.

खरं तर दोन मणक्यांच्या मध्ये जागा असायलाच हवी. तिथं गादी असते. वय वाढतं तशी गादी सुकते, पातळ होते आणि ती जागा कमी होते. रिपोर्टमध्ये लिहिलेलं असतं ते या कमी होण्याबद्दल. म्हणजे लोक ज्याला गॅप म्हणतात ते बहुधा गॅप घटणं असतं, आणि चाळिशीनंतर ते कित्येक न दुखणाऱ्या पाठींतही दिसतं. त्यातही हा त्रास कंबरेला आणि मानेला जास्त. मधल्या मणक्यांना बरगड्यांनी दोन्हीकडून धरून ठेवलेलं असल्याने तिथं गादी सरकण्याचं प्रमाण बरंच कमी आहे.

झटक्याने मणका जागेवर बसतो का, हे तपासून झालंय. १९९८ मध्ये स्वीडनमधल्या डॉक्टरांनी कंबरेखालच्या सांध्याच्या हाडांवर बारीक खुणा ठेवून, झटक्याआधी आणि झटक्यानंतर अतिशय अचूक एक्स-रे मोजणी केली. हाडांची जागा बदललेली नव्हती. २००४ मध्ये कॅनडात अनुभवी कायरोप्रॅक्टरांकडून झटका घेणाऱ्यांच्या पाठीवर संवेदक लावून पाहिलं, की ज्या मणक्यावर नेम धरला त्याच मणक्यातून आवाज येतो का. मधल्या पाठीत नेम सरासरी साडेतीन सेंटिमीटरने चुकत होता आणि बऱ्याचदा एका झटक्यात एकापेक्षा जास्त सांधे वाजत होते. तरीही पेशंटना बरं वाटतं. म्हणजे बरं वाटण्याचं कारण मणका बसणं हे नाही.

मग आराम का पडतो?

लहान पोर पडलं की आई पहिल्यांदा ती जागा चोळते. चोळल्यावर खरंच कमी दुखतं. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन संशोधकांनी १९६५ मध्ये याचं जे स्पष्टीकरण दिलं, ते मी एसटीच्या दाराच्या उदाहरणाने सांगते. सणासुदीला लाल परी स्टँडवर लागली की दार एकच आणि माणसं शंभर. स्पर्श आणि दाब यांचे निरोप जाड, वेगवान नसांमधून येतात, म्हणजे ही धावत येणारी तरणी पोरं. दुखण्याचे निरोप बारीक, संथ नसांमधून येतात. पोरांनी दार अडवलं की मागचे बाहेर राहतात. कण्यातल्या दाराशी असंच काहीसं होतं, दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत कमी पोचतो. झटका म्हणजे दाबाचा एक मोठा लोंढा. त्याच्याबरोबर आवळलेले स्नायूही काही वेळ सैल पडतात. आणि कुणीतरी आपल्याकडं लक्ष देऊन, हात लावून, ‘बरं होईल’ म्हणतंय याचाही परिणाम होतो. तो खोटा नसतो, दुखणं खरोखर कमी होतं.

पण दार कायमचं अडत नाही. हा आराम बहुधा काही तासांचा, काही दिवसांचा असतो. या उसंतीत माणूस हलायला-चालायला, व्यायामाला लागला तर तिचा उपयोग झाला. नुसता आठवड्याला एकदा जाऊन पाठ वाजवून घेत राहिला तर पैसे जातात आणि पाठ तिथंच राहते.

किती फायदा होतो म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत जुनाट कंबरदुखीसाठी हाताने कण्यावर करायचे उपचार देता येतील असं म्हटलंय, पण पुरावा कमकुवत असल्याचंही त्यातच लिहिलंय. हे कंबरेबद्दल. मधली पाठ आणि बरगडी यांवरचं संशोधन त्याहून कितीतरी थोडं आहे. दुसऱ्या बाजूला, झटक्यानंतर जवळजवळ निम्म्या लोकांना एक-दोन दिवस अंग दुखतं, आखडतं. ते आपोआप जातं. साधी उसणही काही न करता दोन-तीन आठवड्यांत बहुतेकांची जाते. म्हणून ‘मामाला तिसऱ्या बैठकीत आराम पडला’ हे ऐकलं, की मी त्या तीन बैठका किती दिवसांत झाल्या ते विचारते.

पहिला प्रश्न : पिशवी काढली का?

आता मुद्द्यावर येते.

केज तालुक्यातल्या एक ताई मार्चमध्ये पट्टा पडल्यावर, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपून कारखाना बंद झाल्यावर, आल्या. वय अडतीस. शेवटच्या आठवड्यात मोळी उचलताना पाठीत काहीतरी ‘चटकन झालं’ आणि तेव्हापासून बसलं तरी दुखतं, उभं राहिलं तरी दुखतं, फक्त आडवं पडलं की बरं. सोबत मुलगा होता. रविवारी एका ‘कट्’ करणाऱ्या शिबिरात नाव नोंदवलंय, पण तुमच्याकडं आधी दाखवावं म्हणून आलो, असं तो म्हणाला. मी कण्यावरून हलक्या मुठीने टकटक करत खाली आले. एका जागी ताईंनी खाटेची कड घट्ट धरली. साध्या उसणीत असं होत नाही, ती बाजूच्या खोबणीत दुखते.

‘पिशवी काढली का?’

‘काढली की. पंचविसाव्या वर्षीच. सगळंच काढलं म्हणाले.’

एक्स-रेत एका मणक्याची पुढची बाजू खचलेली होती. चौकोनी वीट पाचरीसारखी झालेली.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये राज्यभर गाजला. सरकारने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ महिलांची पिशवी काढलेली होती. त्या वेळी चर्चा झाली ती शस्त्रक्रिया गरजेच्या होत्या का याची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण पंधरा-वीस वर्षांनी या बायकांच्या हाडांचं काय होणार, हे फारसं कुणी बोललं नाही. बायकांची हाडं टिकवून धरण्याचं मोठं काम अंडाशयातून तयार होणारं इस्ट्रोजेन करतं. पिशवीबरोबर अंडाशयही काढले असतील, तर पन्नाशीत येणारी पाळीबंदी पंचविशीतच येते. तेव्हापासून हाड आतून विरळ होत जातं. वाळवी लागलेल्या वाशासारखं, वरून अख्खं आणि आत पोकळ. अशा वाशावर मोळीचं वजन येतं. आणि मग त्याच पाठीवर कुणीतरी दोन्ही तळहात ठेवून अंगाच्या भाराने झटका देतो.

अशा हाडावर झटक्याने बरगडी मोडू शकते, अर्धवट खचलेला मणका पूर्ण खचू शकतो. म्हणून लवकर पिशवी काढलेली बाई, पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली बाई, सत्तरीचा म्हातारा, उंची कमी होऊन पोक येत चाललेली आजी, या कुणाच्याही पाठीवर झटका नको. यात आणखी एक गट येतो. गुडघेदुखीसाठी, दम्यासाठी कुणाकडून तरी पुड्या घेणारे. खाल्ल्या की दोन दिवसांत आराम, चेहरा गोल-फुगीर होतो. अशा पुड्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड निघतं आणि महिनोन्महिने घेतलेलं स्टेरॉइड हाडं पोखरतं. तेव्हा पुडीचंही विचारावं लागतं.

दुसरा प्रश्न : संध्याकाळी कणकण येते का?

हा तरुण मोंढ्यात हमाली करायचा. पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेऊन दिवसभर ये-जा, त्यामुळे पाठ दुखते याचं कुणाला नवल वाटलं नाही. त्यालाही नाही. एका ठिकाणी त्याने चार वेळा पाठ वाजवून घेतली. दर वेळी दोन दिवस बरं वाटायचं, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. तिथं त्याला पोत्याचं वजन विचारलं, पण स्वतःचं वजन कुणी विचारलं नाही. माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या पट्ट्याला घरी खिळ्याने पाडलेली दोन नवी भोकं होती. मी ती बघितली आणि विचारलं. चार महिन्यांत आठ किलो गेलं होतं. संध्याकाळी अंग कणकणायचं, रात्री पाठीच्या ठणक्याने जाग यायची, आणि आठवड्यापासून चालताना चप्पल पायातून निसटत होती.

मणक्याचा टीबी होता. एमआरआयमध्ये दोन मणके खाल्लेले आणि पू कण्यातल्या मज्जारज्जूवर दाबत असलेला. मज्जारज्जू म्हणजे मेंदूकडून पायांकडे जाणारी नसांची मुख्य जुडी. आणखी एखादा जोराचा झटका त्याच जागी बसला असता, तर त्याचे पाय गेले असते. हे लिहितानाही माझ्या अंगावर काटा येतो.

जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी जवळपास चौथा हिस्सा भारतात आहे. टीबी फुप्फुसाचा हे सगळ्यांना माहीत असतं. हाडाचाही होतो, आणि हाडाच्या टीबीत जवळपास निम्म्या वेळा तो कण्यात असतो, त्यातही पाठीचा मधला आणि खालचा भाग जास्त, हे फारसं माहीत नसतं. खोकला नसतो, थुंकीत काही सापडत नाही. प्रत्येकाला ताप येतोच असंही नाही. पण सहा आठवड्यांहून जास्त टिकलेलं, रात्री वाढणारं, पाठीच्या मध्यरेषेवरचं दुखणं आणि त्यासोबत वजन घटणं दिसलं, तर आधी टीबी नाही ना हे बघायचं. पाय जड पडणं, मुंग्या, लघवी अडणं किंवा नकळत होणं सुरू झालं असेल, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात. आपल्याकडे अंबाजोगाई, लातूर, नांदेडची सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत, संभाजीनगरची घाटी आहे. टीबीची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. उपचार चालू असताना पोषणासाठी खात्यात दरमहा पैसे येतात, नोव्हेंबर २०२४ पासून ते हजार रुपये झालेत. कण्याच्या टीबीला औषधं वर्षभर तरी घ्यावी लागतात.

त्या पोराने घेतली. पाय वाचले.

पाठीत दुखतं, पण दुखणं पाठीचं नसतं

काही दुखणी पाठीत नुसती पाहुणी येतात. हृदयाचा झटका आपण डाव्या छातीतच शोधतो, पण बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये तो दोन फऱ्यांच्या मध्ये जडपणा, जबड्यात कळ, घाम, मळमळ असाही येतो. फरक कसा ओळखायचा? उसण वळलं, श्वास घेतला, दाबलं की वाढते. हृदयाची कळ चालल्यावर, जिना चढल्यावर वाढते, दाबून वाढत नाही. पण हे अगदी पक्कं नसतं, म्हणून घाम फुटलेला असेल तर विचार करत बसू नका, १०८ ला फोन करा. रक्तदाबाच्या पेशंटला फऱ्यांमध्ये अचानक काहीतरी फाटल्यासारखी भयंकर कळ आली, तर तेही तितकंच तातडीचं. पित्ताशयातला खडा जेवणानंतर उजव्या फऱ्याखाली दुखवतो. न्यूमोनियात श्वासाबरोबर बरगडीत सुई टोचते, सोबत ताप-खोकला असतो.

आणि नागीण. अंगावर फोड उठायच्या दोन-चार दिवस आधीच एका बाजूच्या बरगडीच्या पट्ट्यात आग होते, कापड लागलं तरी सहन होत नाही. या दिवसांत लोक हमखास चोळून, दाबून घेतात. फोड दिसल्यापासून तीन दिवसांच्या आत औषध सुरू झालं तर त्याचा सर्वांत जास्त उपयोग होतो. नागिणीची दोन टोकं जुळली की माणूस जातो, ही भीती मनातून काढून टाका. ती एका बाजूच्या नसेच्या वाटेने जाते, म्हणून तिची टोकं सहसा जुळतच नाहीत. आणि क्वचित कधी दोन्ही बाजूंना उठलीच, तरी त्याने माणूस मरत नाही.

‘पण एक्स-रे तर नॉर्मल होता’

हमालाचाही पहिला एक्स-रे नॉर्मल होता. हाडाचा बराच भाग खाल्ला जाईपर्यंत टीबी साध्या एक्स-रेत दिसत नाही. उलट निरोगी माणसाच्या एक्स-रेत बारीकसारीक वाकडेपणा सापडतोच, आणि तोच दाखवून बारा बैठकांचं पॅकेज गळ्यात मारता येतं. एक्स-रेपेक्षा पाच मिनिटांची चौकशी जास्त सांगते. कधीपासून, रात्री कसं, वजन किती होतं, पिशवी, पुड्या, घरात कुणाला टीबी होता का. पाठीवर हात ठेवणाऱ्याने हे विचारलं नाही, तर झोपलेल्या टेबलावरून उठून या. यात अपमान कुणाचाच नाही.

‘परदेशात तर ते डॉक्टरच असतात’

अमेरिकेत, ब्रिटनमध्ये त्यांना रीतसर परवाना लागतो. ब्रिटनमध्ये यासाठी १९९४ पासून कायदा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये सांगितलेलं पूर्ण शिक्षण ४,२०० तासांचं आहे, त्यात किमान हजार तास देखरेखीखाली पेशंटवर काम. असं शिकून आलेले मोजके लोक भारतातही आहेत आणि त्यांच्यातले चांगले लोक वर लिहिलेले प्रश्न विचारूनच हात लावतात. पण भारतात कायरोप्रॅक्टरची नोंदणी करणारी स्वतंत्र कायदेशीर परिषद नाही. त्यामुळे त्याच पाटीखाली पाच वर्षं शिकलेलाही बसू शकतो आणि दोन दिवसांची कार्यशाळा करून आलेलाही. फिजिओथेरपिस्टची महाराष्ट्रात राज्य परिषदेकडे नोंद असते, डॉक्टरची मेडिकल कौन्सिलकडे. कुठं शिकलात, नोंदणी क्रमांक काय, हे सरळ विचारा. मला कुणी विचारलं तर मी भिंतीवरचं प्रमाणपत्र दाखवते.

उसण भरली तर

वरचं काहीच नसेल, वय चाळिशीच्या आत, वजन उचलताना किंवा झोपेत आखडलेलं, दाबल्यावर आणि वळल्यावर दुखणारं, तर ती उसणच. पहिले दोन दिवस गरम पाण्याची पिशवी किंवा तव्यावर तापवलेल्या मिठाची पुरचुंडी दहा-पंधरा मिनिटं. पडून राहू नका, घरातल्या घरात फिरत राहा. टॉवेलची घट्ट गुंडाळी करून फऱ्यांच्या खाली आडवी ठेवा, त्यावर उताणे पडा, गुडघे दुमडलेले, हात डोक्याखाली. पाच संथ श्वास घ्या, बरगड्या बाजूला फाकू द्या. दुखण्याच्या उंबऱ्यापर्यंत जायचं, ओलांडायचा नाही. दिवसातून तीन-चार वेळा. भीतीने लोक वरच्यावर श्वास घेतात आणि त्यानेच पाठ आणखी आखडते. शिंकताना, खोकताना उशी छातीशी घट्ट धरा. गोळी लागलीच तर पॅरासिटामॉल. डायक्लोफेनॅक मेडिकलमधून आणून रोज खाऊ नका, किडनी आणि पोट दोन्ही धरतं ते.

फवारणीचा पंप अर्धा भरा, खेपा वाढल्या तरी चालतील. पट्टे दोन्ही खांद्यांवर सारखे ओढा. मोळी उचलून देणारा आणि डोक्यावर घेणारा अशी दोन माणसं असतील, तर अंग पिळावं लागत नाही. शक्य तिथं दहा किलो कमी बांधा. हे मी दर दिवाळीला सांगते आणि दर वेळी ऐकते, की मुकादम ऐकत नाही, टनावर पैसे आहेत.

केजच्या ताईंना रविवारचं शिबिर रद्द करायला लावलं. हाडांची तपासणी झाली, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडं भरण्याचं औषध सुरू झालं. तीन महिन्यांत त्या आधाराशिवाय बसायला लागल्या. उचल घेतलेली होती, ती फेडायचीच होती, त्यामुळे दिवाळीनंतर कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीवर, पुन्हा गेल्या. मोळी मात्र आता मुलगा उचलतो. त्या खाली बसून वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधतात.